डोळा पुढे, हात मागे: गिटारवर नोटेशन वाचताना

या वेळच्या पत्रांत गिटार शिकणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांची अडचण एकच आहे. बसवलेलं गाणं व्यवस्थित वाजतं, पण नवा कागद समोर ठेवला की हात थिजतो. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा: पहिली तार म्हणजे सगळ्यांत बारीक, सहावी सगळ्यांत जाड. नोटेशनच्या पाच रेघा आणि त्यांच्यामधल्या चार जागा खालून वर मोजायच्या.

सहा वर्षं गिटार वाजवतो. टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट हे आकड्यांनी सांगणारी लिपी) आणि कॉर्ड यांवर सगळं चालत होतं. आता स्टाफ नोटेशन शिकतोय, पण प्रत्येक सूर खालच्या रेघेपासून मोजत मोजत ओळखावा लागतो. माझ्यानंतर पियानो शिकायला लागलेला मित्र माझ्यापेक्षा भराभर वाचतो. असं का? (एक वाचक, नाशिक)

मित्राच्या वाद्यावर एका लिखित सुराला एकच पट्टी आहे. गिटारवर तसं नाही. सगळ्यांत वरच्या, म्हणजे चौथ्या जागेतला ई घ्या. तो पहिली तार मोकळी सोडून वाजतो, दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर वाजतो, तिसरीच्या नवव्यावर आणि चौथीच्या चौदाव्यावरही वाजतो. म्हणजे कागदावरचं एक टिंब बघून तुम्हाला दोन निर्णय घ्यावे लागतात: सूर कोणता, आणि तो घ्यायचा कुठे. सुरुवातीला यातला दुसरा प्रश्न काढूनच टाका. निदान दोन महिने फक्त पहिल्या पोझिशनमध्ये वाचा. मोकळ्या तारा आणि पहिले तीन फ्रेट (शार्पसाठी कधी चौथाही) एवढीच ती जागा. शार्प-फ्लॅट सोडले तर तिथे एकूण १७ सूर आहेत आणि प्रत्येकाचं ठिकाण एकच आहे.

मोजणं थांबवायचं तर आधी सहा मोकळ्या तारा कागदावर कुठे बसतात ते पाठ करा. पहिली तार ई, चौथ्या जागेत. दुसरी बी, बरोबर मधल्या रेघेवर. तिसरी जी, दुसऱ्या रेघेवर. चौथी डी, सगळ्यांत खालच्या रेघेला खालून चिकटलेली. पाचवी ए, खाली जोडलेल्या दुसऱ्या लेजर लाइनवर (म्हणजे पाच रेघांबाहेरच्या छोट्या जादा रेघेवर). सहावी ई, तिसऱ्या लेजर लाइनच्याही खाली. हे सहा मैलाचे दगड झाले. बाकीचा कुठलाही सूर यांपैकी एखाद्याला लागूनच असतो किंवा एक घर सोडून असतो.

लेजर लाइनच्या सुरांवर सगळेच अडखळतात, त्यासाठी एक सोय आहे. रेघेखाली लटकलेले सूर वरून खाली बघा: एकही जादा रेघ नसेल तर डी, एक असेल तर बी, दोन असतील तर जी, तीन असतील तर ई. आणि सूर रेघेवरच बसला असेल तर पहिल्या रेघेवर सी, दुसरीवर ए, तिसरीवर एफ. सात सूर आहेत. आठवडाभर रोज पाच मिनिटं दिली तर ते नजरेत बसतात.

पहिल्या आठवड्यात फक्त वरच्या तीन तारांवरचे आठ सूर घ्या, मग चौथी आणि पाचवी, शेवटी सहावी. सुराचं नाव मोठ्याने म्हणत वाजवा. नोटेशनच्या खाली पेन्सिलीने अक्षरं लिहू नका. लिहिली की डोळा टिंबाची जागा बघायचं सोडून अक्षरच वाचतो, आणि महिन्याभरानेही तुम्ही तिथेच असता.

डाव्या हाताकडे बघायची सवयही घात करते. नजर खाली जाऊन परत आली की ओळ हरवते. स्टँड डोळ्यांच्या उंचीला आणि किंचित डावीकडे ठेवा, म्हणजे बघावं लागलंच तर मान न वळवता भागतं. बोटं मात्र आपापल्या फ्रेटवर तयार हवीत: पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर, दुसरं दुसऱ्यावर, तिसरं तिसऱ्यावर.

मी हार्मोनियम शिकले आहे आणि भातखंडे पद्धतीची स्वरलिपी सहज वाचते. गिटारचं नोटेशन वाचताना मनात सा रे ग म येतं. सी म्हणजे सा धरून वाचलं तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

सी मेजरमधल्या गाण्याला चालेल. पुढचं गाणं जी मेजरमध्ये आलं की गोंधळ होईल. काल तिसऱ्या मोकळ्या तारेला तुम्ही प म्हणत होता, आज तीच तार सा होणार. भातखंड्यांची लिपी सा पासूनचं अंतर लिहिते, मग गायकाची पट्टी काळी एक असो की पांढरी चार. स्टाफ नोटेशन सुराची ठरलेली जागा लिहितं. म्हणून बोटांसाठी सी-डी-ई ही नावं वापरा आणि कानासाठी सरगम राखून ठेवा. दोन्ही एकत्र ठेवता येतात.

हे करायचं कसं ते सांगतो. ओळीच्या सुरुवातीला एक शार्प दिसला की गाणं मेजरमध्ये आहे असं धरून सा जी वर ठेवा. मग पहिल्या दोन ओळी गिटार मांडीवर तशीच ठेवून सरगममध्ये गा. तो शार्प केलेला एफ तुमच्या हिशोबाने साधा शुद्ध नी आहे, त्यामुळे तो चुकला तर तुमच्या कानाला लगेच टोचेल. हा फायदा केवळ टॅब वाचणाऱ्याला मिळत नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना आधी सोल्फेज, म्हणजे दो रे मी गाऊन नोटेशन वाचायला शिकवत आणि वाद्य नंतर देत. मुंबईच्या चित्रपट संगीतात अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे जे गोवेकर वादक आणि अरेंजर होऊन गेले, त्यांच्या वाचनाचा पाया या परंपरेत आहे. तुम्हाला गाता येतंच, तर तोच क्रम धरा.

हाताच्या बाजूने एक चूक सांभाळा. शार्पची खूण फक्त वरच्या रेघेवरच्या एफवर काढलेली असते, पण ती सगळ्या एफना लागू असते. पहिल्या पोझिशनमध्ये असे तीन आहेत: पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट, चौथ्या तारेचा चौथा आणि सहावीचा दुसरा. चौथ्या तारेवरचा हमखास विसरला जातो, कारण त्यासाठी चौथं बोट चौथ्या फ्रेटवर न्यावं लागतं आणि हात सवयीने तिसऱ्यावर पडतो. नवं गाणं सुरू करण्याआधी हे तिन्ही एकदा चाचपून घ्या. ओळीच्या मध्येच एखाद्या सुरापुढे आलेला शार्प किंवा फ्लॅट मात्र त्या बारपुरता, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यापुरता, आणि त्याच सप्तकातल्या सुरापुरता असतो.

तालाचं तुम्हाला नव्याने काहीच शिकायचं नाही. क्रॉचेट म्हणजे एक मात्रा. मिनिम म्हणजे तुमचं ‘सा –’. भातखंडे लिपीत एका मात्रेतले दोन स्वर खालून कंसाने बांधतात, इथे दोन क्वेव्हरच्या, म्हणजे अर्ध्या मात्रेच्या सुरांच्या, दांड्या एका आडव्या पट्टीने जोडतात. सहा-आठचा ताल आला तर तो दादऱ्यासारखा तीन-तीन मोजा.

मुलगी ११ वर्षांची आहे, गिटारची तिसरी ग्रेड देणार आहे. तयार केलेले तुकडे छान वाजवते, पण साइट-रीडिंगमध्ये, म्हणजे न पाहिलेला तुकडा समोर ठेवून लगेच वाजवण्यात, मार्क जातात. चुकलं की थांबते आणि मागे जाऊन दुरुस्त करते. मला संगीत येत नाही, तरी घरी तिला मदत करता येईल का? (एक आई, ठाणे)

येईल, आणि या कामाला संगीत यायलाच हवं असं नाही.

आधी मार्कांचं गणित बघा. असोसिएटेड बोर्डाच्या (एबीआरएसएम) प्रत्यक्ष परीक्षेत १५० पैकी २१ मार्क साइट-रीडिंगचे असतात आणि त्यात उत्तीर्ण व्हायला १४ लागतात. वाजवण्याआधी अर्धा मिनिट मिळतो आणि त्या वेळात वाजवून बघायलाही परवानगी असते. बरीच मुलं हा अर्धा मिनिट पहिला बार तीनदा वाजवण्यात घालवतात. ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा मंडळाच्या प्रत्यक्ष परीक्षेत पाचव्या ग्रेडपर्यंत साइट-रीडिंग न निवडता दुसऱ्या चाचण्या घेता येतात, सहावीपासून ते सक्तीचं होतं. सोय म्हणून पाच ग्रेड ते टाळलं तर सहावीला सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून आत्ताच हात घाला.

त्या अर्ध्या मिनिटात ताल कोणता आणि सुरुवातीला शार्प-फ्लॅट किती, हे पहिल्यांदा बघावं. मग सगळ्यांत अवघड बार शोधावा. तो बहुधा दिसायलाच गर्दीचा असतो. तो बार ज्या लयीत नक्की जमेल ती संपूर्ण तुकड्याची लय. सोप्या पहिल्या बारावरून लय ठरवली की तिसऱ्या बारात गाडी अडते. वेळ उरला तर अवघड बार एकदा आणि शेवटचा बार एकदा हळूच वाजवून बघावा.

आता थांबून दुरुस्त करायच्या सवयीविषयी. सराव करताना ती सवय चांगली, वाचताना घातक. एक सूर चुकला तर एका सुराचं नुकसान होतं, थांबलं तर तालाचं होतं, आणि परीक्षकाला तेच जास्त खटकतं. घरी असं करा. मेट्रोनोम ५० वर लावा. चार बारचा नवा तुकडा घ्या. आधी गिटार बाजूला ठेवून तिने तो टाळ्यांनी वाजवावा, तोंडाने ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि’ म्हणत. ते जमलं की गिटारवर. तुमचं काम पोस्टकार्डाचं. ती पहिला बार सुरू करते न करते तोच तो पोस्टकार्डाने झाका, मग दुसरा, मग तिसरा. झाकलेल्याकडे परत जाता येत नाही आणि डोळ्याला पुढे सरकावंच लागतं. सुरुवातीला ती चिडेल, म्हणून पहिले चार-पाच दिवस फक्त अर्धा बार झाका. आपण वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो तेव्हा तोंडात एक शब्द असतो आणि डोळा दोन शब्द पुढे गेलेला असतो. तीच सवय इथे लावायची आहे.

सुराच्या उजव्या बाजूला टिंब असलेला क्रॉचेट आणि त्यापाठोपाठ येणारा क्वेव्हर, ही जोडी बहुतेक मुलांची चुकते. टिंबाचा क्रॉचेट ‘एक आणि दोन’ एवढा वेळ घेतो आणि क्वेव्हर दोननंतरच्या ‘आणि’वर पडतो. मुलं तो दोनवरच टाकून मोकळी होतात. मोजताना त्या ‘आणि’वर तुम्ही टेबलावर थाप मारा.

रोज दहा मिनिटं पुरे. पण तुकडा रोज नवा हवा आणि एकच तुकडा दोनदाच वाजवायचा. तिसऱ्यांदा वाजवला की तो वाचला जात नाही, आठवला जातो. त्यामुळे भरपूर कागद लागतो. दोन ग्रेड खालचं काहीही चालेल: जुने चाचणीसंच, नवशिक्यांची व्हायोलिनची किंवा रेकॉर्डरची पुस्तकं, चर्चच्या गीतांच्या चाली. व्हायोलिनचं नोटेशन गिटारवर वाजवलं तर एक सप्तक खाली ऐकू येतं, कारण गिटारचं नोटेशन मुळातच प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहितात. एकट्याने वाचायला त्याने काही बिघडत नाही.

पहिली पोझिशन बऱ्यापैकी येते. पाचव्या पोझिशनमध्ये गेलं की सगळं नव्याने शिकल्यासारखं वाटतं. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, मडगाव)

एफ मेजरपासून करा. बहुतेक जण सवयीने सी मेजरपासून करतात आणि तिथेच अडकतात.

पहिल्या पोझिशनमधला सी मेजर आठवा. सहाव्या तारेवर मोकळी, पहिला, तिसरा फ्रेट. पाचवी आणि चौथी तार: मोकळी, दुसरा, तिसरा. तिसरीवर मोकळी आणि दुसरा. दुसरी आणि पहिलीवर मोकळी, पहिला, तिसरा. आता प्रत्येक आकड्यात पाच मिळवा. सहावीवर ५, ६, ८. पाचवी आणि चौथीवर ५, ७, ८. तिसरीवर ५, ७. दुसरी आणि पहिलीवर ५, ६, ८. हा एफ मेजर झाला. पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर, चौथं आठव्यावर, आणि एकदाही हात ताणावा लागत नाही. इथेही सूर १७च आहेत, खाली दुसऱ्या लेजर लाइनवरच्या ए पासून वर दुसऱ्या लेजर लाइनवरच्या सी पर्यंत. हाताला आकार आधीच माहीत आहे, नवं शिकायचं ते फक्त डोळ्याला.

सी मेजर इथे का अडतो तेही बघा. त्यात बी फ्लॅट नसून शुद्ध बी आहे. चौथ्या तारेवर तो नवव्या फ्रेटवर येतो, म्हणजे चौथं बोट एक घर पुढे ताणायचं, नाहीतर तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर पहिलं बोट मागे न्यायचं. एफ मेजर आणि त्याचाच डी मायनर हातात बसला की मग हा ताण फार जाणवत नाही.

टॅबची सवय असलेल्यांची इथे आणखी एक गफलत होते. सुराशेजारी छापलेला साधा आकडा डाव्या हाताच्या बोटाचा असतो, फ्रेटचा नाही. पहिल्या पोझिशनमध्ये बोट आणि फ्रेट यांचे आकडे जुळतात, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते आणि पाचव्यात आल्यावर उघडी पडते. वर्तुळातला आकडा तारेचा. ओळीच्या वर रोमन आकडा व्ही दिसला तर तो पाचव्या पोझिशनचा. काही लिहिलेलं नसेल तर पूर्ण ओळीवर नजर टाका आणि सगळ्यांत वरचा सूर शोधा. वरच्या रेघेला वरून चिकटलेला जी, म्हणजे पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट, इथवर पहिली पोझिशन सरळ पुरते. त्याच्या वर ए, बी, सी दिसले आणि खाली ए च्या खालचं काही नसेल, तर अख्खी ओळ पाचव्यात बसते.

सरावाला आठ बारची एक सोपी चाल पहिल्या पोझिशनमध्ये वाजवा, लगेच तीच पाचव्यात, मोकळ्या तारा न वापरता. चौथ्या जागेतला ई दोन्हीकडे घेऊन ऐका. मोकळ्या पहिल्या तारेवर तो खणखणीत येतो, दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर भरदार. गाण्याला कोणता हवा हे ठरवायचं स्वातंत्र्य या वाद्याला भरभरून मिळालंय, आणि ते वापरण्यासाठीच ही मेहनत.

क्लासिकल गिटार शिकते आहे. एकेरी सूर वाचता येतात, पण कॉर्ड आणि दोन आवाज एकत्र आले की खालचा सूर वाचेपर्यंत वरचा निघून जातो. (एक वाचक, पुणे)

‘क्ष’ वाचताना आपण क् आणि ष वेगळे काढून जोडत बसत नाही. जोडाक्षराचं चित्र एकदम ओळखतो. कॉर्डचंही तसंच चित्र पाठ करायचं असतं. नेहमीचा सी मेजर घ्या: पहिल्या लेजर लाइनवर सी, पहिल्या रेघेवर ई, दुसऱ्या रेघेवर जी, मग तिसऱ्या जागेत सी आणि चौथ्या जागेत ई. खाली तीन सूर रेघांवर, वर दोन जागांमध्ये. एकदा हे चित्र डोळ्यात बसलं की सूर मोजायची वेळ येत नाही. हाताला येणाऱ्या आठ-दहा मोकळ्या कॉर्ड घ्या, कोऱ्या नोटेशन पेपरवर स्वतः लिहून काढा. हाताने लिहिल्याने ओळख पक्की होते.

अनोळखी रचना आली तर खालून वर वाचा, कारण बास कळला की हात कुठे जायचा ते ठरतं. पहिल्या वाचनात सगळं झेपत नसेल तर बास आणि सगळ्यांत वरचा सूर धरा, मधले सोडून द्या.

दोन आवाजांत दांड्या बघा. वर गेलेल्या दांडीचा आवाज बहुधा चालीचा, खाली गेलेलीचा बासचा, आणि बारमधल्या मात्रा दोघांनीही आपापल्या पुऱ्या करायच्या असतात. खालचा मिनिम असेल तर वर दोन क्रॉचेट होईपर्यंत डाव्या हाताचं बोट उचलायचं नाही. बास मध्येच तुटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. एकाच सुराला जोडणारी कमान म्हणजे टाय, दुसरा सूर पुन्हा छेडायचा नाही. वेगवेगळ्या सुरांवरची कमान म्हणजे डाव्या हाताने ठोकून किंवा ओढून काढायचा सूर.

वाचायला एकोणिसाव्या शतकातले सोर, कारुली, जुलियानी यांचे सोपे अभ्यास घ्या. त्यांवर आता कॉपीराइट नाही आणि त्यांतले सुरुवातीचे बरेचसे पहिल्या पोझिशनमध्ये बसतात.

मुलगा इथे शाळेच्या जॅझ बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याच्या कागदावर सुरांपेक्षा तिरप्या रेघाच जास्त असतात. हे कसं वाचायचं? (एक पालक, न्यू जर्सी)

दांडी नसलेली प्रत्येक तिरपी रेघ म्हणजे एक मात्रा. वर लिहिलेली कॉर्ड त्या मात्रांमध्ये शैलीला धरून वाजवायची, ठेका वादकाने ठरवायचा. तिरप्या रेघेला दांडी असेल तर ठेका तंतोतंत तोच. तिथे बहुधा ब्रासबरोबरचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या वाद्यांबरोबरचा, ठोका असतो. सहा तारांची भरगच्च कॉर्ड नको, मधल्या तारांवर तीन सूर पुरतात.

बँडमध्ये खरी फजिती सुरांवर होत नाही, रस्ता चुकल्याने होते. वाजवण्याआधी रिपीटच्या खुणा, पहिला-दुसरा शेवट, सेन्योची खूण (जिथे परत यायचं) आणि कोडा (शेवटाकडे नेणारा भाग) कुठे आहेत ते बोट फिरवून बघून घ्यायला सांगा. हरवलाच तर पुढच्या चौकटीतल्या अक्षरापाशी थांबून तिथून सामील व्हावं.

कॅपो लावला किंवा सहावी तार डी ला उतरवली तर वाचन बदलतं का? (एक वाचक, सातारा)

कॅपोने बदलत नाही. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) हाच मोकळ्या तारेचा शेवट समजून नेहमीसारखं वाचा, आवाज आपोआप वर जातो. सहावी तार उतरवली तर फक्त तिच्यावरचे सूर दोन फ्रेट वर सरकतात: ई दुसऱ्यावर, एफ तिसऱ्यावर, जी पाचव्यावर. मोकळा डी तिसऱ्या लेजर लाइनच्या खालच्या ई च्याही खाली, चौथ्या लेजर लाइनवर लिहिलेला दिसेल. जी साठी हात पाचव्या फ्रेटपर्यंत जाणार असल्याने तो बार आधी शोधून पेन्सिलीने तारेचा आकडा वर्तुळात लिहून ठेवा.